चढलेलं तेवढंच मोजतात

“—जिन्यानं चढतो ते खरं आहे, पण अहो, लिफ्टनं—” आणि दार लागलं. एवढंच. शप्पथ सांगते मिस्त्री, याच्यापुढचं एक अक्षर ऐकलं नाही मी. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई राहतात, त्यांच्या दारातून आलं ते. आणि मी तिथं काही कान लावून उभी नव्हते — त्यांची दुधाची पिशवी चुकून आमच्या दाराला अडकवलेली, ती द्यायला गेले होते — आता दूध द्यायला जाणाऱ्या माणसानं कानात बोळे घालून जावं का? नाही ना. मग. तुम्ही आधी चहा घ्या, निवतोय. ती पक्कड ठेवा खाली. इथं गच्चीवर, या लिफ्टच्या खोलीत, आजवर कुणी तुम्हाला चहा आणून दिला होता? मी पाचव्यावरनं चढून आणलाय, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात गुडघा. लिफ्ट बंद ना. ती कशी बंद पडली हे तुम्ही विचारलंत, आणि मी सुरुवात दुधापासून केली — करू दे मला, माझं बोलणं असंच आहे, आमचे हे म्हणतात, हिला स्टेशनचा रस्ता विचारला तर ही आधी आगगाडीचा शोध कसा लागला ते सांगेल.

तर तो. तो म्हणजे आमच्या जिनेवालीचा मुलगा. जिनेवाली म्हणजे या इमारतीचे जिने धुणारी बाई — सात मजले, वरून खाली, बादली आणि फडकं घेऊन, अनवाणी, त्या ओल्यातच पाय. गेली ती. मागच्या वर्षी जिन्यातच घसरली, डोक्याला मार लागला, दवाखान्यात नेली ती परत आली नाही. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला आहे. हाडकुळा, लग्नाचा झालाय, बोलणं म्हणाल तर औषधाच्या थेंबासारखं, मोजून. इमारतीतली पोरं त्याला पायऱ्या म्हणतात. का, तर तो रोज सकाळी दुकानाच्या आधी येऊन आमचे जिने चढतो. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. हे काय खूळ? तर कुठल्याशा मोठ्या शहरात शर्यत आहे, चाळीस मजली का कितीतरी मजली इमारत आहे तिथं, तिचे जिने एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र चढत राहायचं, जास्त चढेल तो जिंकला. मला वाटलं, लोकांना खायला मिळतं म्हणून हे सुचतं. पण हा आमच्या दारात आला, चपला बाहेर काढून उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, आईनं आयुष्यभर जिने धुतले. तिच्या नावानं एकदा चढून बघतो.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अर्थात माझ्या डोळ्यांत पाणी यायला फारसं काही लागत नाही, नळ गळकाच आहे.

पण शर्यत म्हटली की खर्च आला — तिथं नाव नोंदवायचे पैसे, जाण्यायेण्याचं भाडं, बूट. औषधाच्या दुकानात पुड्या बांधणाऱ्यानं आणायचे कुठून? म्हणून त्यानं खाली लिफ्टशेजारी आईची बादली ठेवली. तीच, निळी, कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली. वर पुठ्ठा लावला, जमेल ते टाका म्हणून, आणि उरेल त्यात आसपासच्या सगळ्या इमारतींमधल्या जिने धुणाऱ्या बायकांना रबरी तळव्याचे बूट घेऊन देणार, म्हणजे पुन्हा कुणी घसरायला नको. किती साधी गोष्ट, नाही? त्या बाईच्या पायाकडे आम्ही इतकी वर्षं बघत होतो, कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोकांनी टाकले हो. मीही टाकले. नोटेचा आवाज होत नाही म्हणून नाणी टाकली, तेवढा माणसाचा स्वभाव सोडा. आणि सेक्रेटरी — ते खालचे, ज्यांनी तुम्हाला फोन केला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात ते — ते म्हणाले, इमारतीच्या फंडातूनही काही देऊ, मोठी रक्कम देऊ, सभेत मंजूर करून घेतो. ती सभा आज संध्याकाळी आहे. म्हणून तर मी तुमच्या मागे मागे इथवर आले. तुम्ही खाली जाऊन सेक्रेटरींना काय सांगणार, ते मला आधी कळायला हवं.

नाही, सांगते ना, क्रमानं सांगते. ती अर्धी गोष्ट माझ्या पोटात गेली. पूर्ण गोष्ट एक वेळ पचते मला, अर्धी पचत नाही, कच्च्या अन्नासारखी बाधते. आणि त्यात माझ्याकडे माझं स्वतःचं थोडं सामान होतंच. आमचं दार पाचव्यावर, लिफ्टला अगदी चिकटून. ही तुमची जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, ती जाळी सरकली की मेलेला उठून बसेल. आणि हा सराव करायचा तेव्हा दर खेपेला आमच्या मजल्यावर जाळी वाजायची. दर खेपेला. मी अंथरुणात पडून ऐकायची. त्या वेळी पाचव्यावर येणारं-जाणारं कोण? कुणी नाही. समोरचे डॉक्टर दहाशिवाय उठत नाहीत. मग अर्थ काय झाला? हा पठ्ठ्या पाचव्यापर्यंत कसाबसा येतो आणि तिथनं लिफ्टमध्ये बसून सरळ खाली. सातव्याचं तोंडसुद्धा बघत नाही. लोकांना सांगतो सगळे जिने चढतो, एकेक पायरी. बाईंची अर्धी गोष्ट आणि माझी अर्धी गोष्ट, जोडली की झाली एक. उठून दार उघडून बघितलं का? नाही. थंडी होती. आणि खरं सांगू का, बघितलं असतं तर सांगण्यातली मजा गेली असती — हे मी काय बोलतेय. तसं नाही. थंडी होती.

कुणाला सांगितलं? सगळ्यांना नाही हो सांगितलं. एकटीला, सेक्रेटरींच्या बायकोला. म्हणजे सगळ्यांनाच. “आईच्या नावावर लिफ्टनं फिरतोय” — हे वाक्य माझं नाही, पण ते माझ्याच गोष्टीला फुटलेलं पान. आठ दिवस झाले नसतील, त्या बादलीत कुणी तरी फाटकी चप्पल टाकली. मी नाही. मी तिथं होते फक्त. तो दुकानातनं आला, त्यानं ती चप्पल दोन बोटांनी नाही, नीट हातानं उचलली, कोपऱ्यातल्या डब्यात टाकली, पुठ्ठा काढून काखेत घेतला आणि बादली घेऊन निघून गेला. कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही चार बायका उभ्या होतो, दोघी हसल्या. मी — थोडी हसले मीही. चारजणी उभ्या असल्या की तोंड आपसूक तसं होतं, तुम्ही नका मनावर घेऊ. म्हणजे घ्या. घ्यायलाच हवं.

काय? बिघाडच नाही? असं कसं, नीट बघा ना. एवढी जुनी लिफ्ट, एखादी तार तरी जळली असेल, तुमच्या त्या डब्यात काहीतरी काळं पडलं असेल. सगळं शाबूत? नुसता खटका खाली पाडलेला होता? हे बघा, या गच्चीवर उंदीर फार. हो, एवढाले. उंदरानं उडी मारली तर पडणार नाही का खटका? जड असतो. बरं. मग कावळा? दाराला कुलूप होतं. तेही खरं. कुलूप तुमच्यासमोर मीच उघडलं. किल्ली... किल्ली आमच्याकडेच असते, हे खजिनदार आहेत ना, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, चहाच्या गाळणीशेजारी.

असं बघू नका माझ्याकडे. तुमच्या आईच्या वयाची आहे मी.

मला फक्त बघायचं होतं. खरं-खोटं करायचं होतं. म्हटलं, सराव सुरू व्हायच्या आधी खटका पाडून ठेवावा, लिफ्ट नाही म्हटल्यावर हा काय करतो ते बघू, आणि तो गेला की पुन्हा चालू करू, कुणाला कळणारही नाही. झाली चूक ती इथंच. त्या सकाळी तो चढला. सगळे सात मजले. मी दाराला कान लावून — हो, या वेळी लावून — ऐकत होते. वर सातव्यावर जाऊन थांबला, बटण दाबलं असेल, वाट बघितली असेल, आणि मग पायानं खाली उतरायला लागला. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि दर खेपेला आमच्या दाराच्या खाली, वळणावर येऊन थांबायचा. बराच वेळ. मी आतनं म्हणायची, बघ, लागला ना दम, बाहेर आलं ना पितळ. मला बरं वाटत होतं, मिस्त्री. खोटं कशाला बोलू. आपलं म्हणणं खरं ठरतंय म्हटल्यावर माणसाला भूकसुद्धा चांगली लागते.

मग चालू का नाही केली? करणारच होते. पण मी किल्ली हातात घेते तोवर सातव्यावरच्या आजी जिन्यातनं ओरडल्या, लिफ्ट बंद पडली. सेक्रेटरी बाहेर आले, शिकवणीच्या बाई बाहेर आल्या, सगळा जिना जागा झाला. आता त्या गर्दीतनं मी किल्ली घेऊन वर जाऊ कशी? म्हटलं दुपारी. दुपारी हे घरी. म्हटलं उद्या. असं करत करत ते माझ्या गळ्यातच अडकलं. आणि मग काय झालं सांगू — त्या आजींना वर कुणी नेलं? त्यानं. पाठीवर घेऊन. शिकवणीच्या बाईंचा सिलिंडर खांद्यावर कुणी चढवला? त्यानंच, ज्याची त्या दाराआड चर्चा करत होत्या. माझी भाजीची पिशवी. मी खाली उभी, वर बघत, की आता कसं चढायचं, तर मागनं हात आला, “द्या काकू.” मी दिली. बटाटे होते, जड होती. माझ्यापुढे चढत होता, आणि एक पाय जरा जपून टाकत होता. मी सगळं बघत होते, आणि किल्ली माझ्याच कमरेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं नव्हतं ते, माझ्या मनात भरदुपार होती.

आणि मग परवाची सकाळ. चढण्याचा आवाज मध्येच थांबला. थांबला तो थांबलाच. बराच वेळ गेला तेव्हा मी दार उघडलं. तर हा खाली वळणावर पायरीवर बसलेला, गुडघा हा एवढा सुजलेला, एक हात शेजारच्या पायरीवर टेकलेला. मला वाटलं उठायला जोर लावतोय. म्हटलं, अरे काय झालं? तर म्हणतो, “काकू, लिफ्ट कधी चालू होईल काही कळलं का? मला उतरायची मनाई आहे.” मनाई? कसली मनाई? तर म्हणे, त्या शर्यतीचा नियमच आहे तो — चढायचं जिन्यानं आणि उतरायचं लिफ्टनं. सगळ्यांनीच. उतरताना गुडघ्यांची वाट लागते म्हणून तिथं कुणी पायी उतरतच नाही. चढलेलं तेवढंच मोजतात. तो म्हणाला, शिकवणीच्या बाईंना सांगितलं होतं मी, त्यांनी विचारलं म्हणून. म्हणजे बघा — “जिन्यानं चढतो ते खरं, पण अहो, लिफ्टनं उतरायचा नियमच आहे” — हे होतं ते वाक्य. त्या बाई त्याची बाजू मांडत होत्या कुणाकडे तरी. दार जरा हळू लावलं असतं तर.

मी तेव्हा सांगायला हवं होतं ना? तिथं, त्या पायरीवर. जीभ उचलून टाळ्याला लावायला मला एरवी कधी वेळ लागलाय? पण नाही सुटली. उलट त्यानंच विचारलं, “वरच्या खोलीची किल्ली तुमच्याकडेच असते ना?” आणि मी म्हटलं, हरवलीय. हरवलीय रे, शोधतेय. तो म्हणाला, “असू दे, सापडेल.” मला धीर देत होता. सुजलेल्या गुडघ्यानं बसून मला धीर देत होता. मी आत जाऊन हळद — नाही, काही आणलं नाही मी. आत गेले आणि दार लावलं. गरम पाण्याची पिशवी सुद्धा दिली नाही, दिली असती तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

हो, जा तुम्ही, मजल्यांवरच्या जाळ्या तपासून या. काम करा तुमचं. मी इथंच आहे. पण सेक्रेटरींकडे परस्पर जाऊ नका.

—आलात? चालतेय ना आता? ऐकला मी आवाज. बरं वाटलं ऐकून, आणि नाहीही वाटलं. बसा त्या स्टुलावर. आता मी काय ठरवलंय ते ऐका. तुम्ही सेक्रेटरींना म्हणा, तार जळली होती. कुठली ते तुम्हीच ठरवा, त्यांना काय कळतंय. आणि सभेत मी उभी राहते. सांगते सगळ्यांना, माझी समजूत चुकली, लिफ्टनं उतरणं हा नियम आहे, पोरगा शंभर टक्के खरा आहे, एकेक पायरी चढतो, फंड द्या त्याला. समोरचे डॉक्टर म्हणालेत, विश्रांती घेतली तर गुडघ्याची सूज उतरेल शर्यतीपर्यंत, पण नाव नोंदवायची मुदत आता संपतच आली आणि बादलीतलं पुरत नाही. आज मंजूर झालं नाही तर संपलं. सेक्रेटरी एकच प्रश्न विचारणार आहेत, सगळीकडे विचारत फिरतायत — “पण सगळे जिने चढतो का? सगळे?” तर त्याचं उत्तर मी देणार. मी दिलं की माणसं ऐकतात. वाईट ऐकलं तर चांगलंही ऐकतील. यात माझी थोडी सुटका होते, नाही का? किल्लीचं न सांगता. एवढं तर—

काय म्हणालात? चौथा?

चौथ्या मजल्याच्या जाळीची खिट्टी झिजलीय. असेल, जुनी आहे. नाही, बाकीच्या नाहीत झिजलेल्या, चौथ्याचीच? आणि झीज नवी आहे, चकाकतेय, म्हणजे हल्ली फार वापर आहे तिथला. छे हो, चौथ्यावर राहतं कोण? एक घर विकायला काढलंय, वर्ष होत आलं, आणि पोस्टमास्तर मुलीकडे जाऊन राहिलेत. दोन्ही दारांना कुलूप. चौथ्यावरनं लिफ्टमध्ये कोण चढणार—

थांबा. ती पक्कड वाजवू नका जरा.

पाचव्यावर जाळी वाजायची. दर खेपेला. मी धरून चालले की तो आत शिरतोय, खाली जायला. आत नाही शिरत होता हो. बाहेर पडत होता. चौथ्यापर्यंत जिन्यानं यायचा, चौथ्यावर लिफ्टमध्ये शिरायचा, पाचव्यावर बाहेर, आणि तिथनं पुन्हा जिन्यानं वर. एक जिना सोडायचा तो. एकच. चौथ्या आणि पाचव्याच्या मधला.

तिथं पडली होती ना त्याची आई. आमच्या दाराच्या खाली, वळणावर. बादली गडगडत तिसऱ्यापर्यंत गेली होती, आवाज मीच ऐकला होता, दार मीच उघडलं होतं. त्या पायऱ्यांवर पाय ठेवत नव्हता तो. इतके महिने. सगळ्यांना सांगत होता एकेक पायरी चढतो, आणि तेवढ्या पायऱ्यांवरनं वरच्यावर निघून जात होता, बंद डब्यातनं. आणि मी तो डबा बंद केला. वर, खाली, वर, खाली, प्रत्येक खेपेला त्या वळणावर थांबायचा आणि मी आत म्हणायची, दम लागला. दम नव्हता लागलेला. परवा बसला होता तो नेमका त्याच पायरीवर. हात टेकला होता, उठायला नाही.

म्हणजे मी बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. बघा ना. एवढं एका जिन्यापुरतं खरं होतं. आठ दिवसांपूर्वी हे मला कळलं असतं तर मी नाचत खाली गेले असते.

उठा तुम्ही. चहा राहिला तर राहू दे, कप मी नेते. खाली सेक्रेटरी विचारतील तेव्हा तार-बीर काही सांगू नका. खटका पाडला होता म्हणून सांगा, किल्ली पाचव्या मजल्यावरच्या काकूंकडे होती म्हणून सांगा, नाव घेऊन सांगा, सभेत मी पुन्हा सांगेनच. हसतील, हसू देत. आणि सगळे जिने चढतो का विचारलं तर मी सांगणार, तेरवा आणि त्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः दाराला कान लावून ऐकलंय, सगळे. त्यात खोटं काही नाही. पण त्या चौथ्याच्या खिट्टीचं — गंजली होती, बदलली. एवढंच. तुम्ही काही बघितलं नाही आणि मी तुम्हाला काही बोलले नाही. नवी खिट्टी बसवलीत ना? मजबूत आहे ना?

मग झालं. जा आता.